चार वर्षांचे गाव

पुणे स्टेशनाकडून संगम पूल ओलांडून शिवाजीनगरकडे येणाऱ्या माणसास, वाहनांच्या गर्दीतूनही, एक जुनी दगडी इमारत आपल्या टोकदार कमानींसह दृष्टीस पडते. तिच्याभोवती गेल्या दीडशे वर्षांत वाढत गेलेल्या प्रयोगशाळा, कार्यशाळा, वसतिगृहे, मैदान आणि नदीकाठचा धक्का हे सर्व मिळून जे होते, त्यास सरकारी दप्तरात वेळोवेळी निरनिराळी नावे मिळाली असली, तरी पुणेकर त्याला एकाच नावाने ओळखतो : सीओईपी, म्हणजे कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग, पुणे. संस्थेचा इतिहास लिहिणारे बहुधा तिच्या इमारतींचा, प्राचार्यांचा आणि नामवंत विद्यार्थ्यांचा इतिहास लिहितात. मला मात्र फार दिवसांपासून कुतूहल वाटत आले आहे ते निराळ्याच गोष्टीचे. हे एक असे गाव आहे, की ज्याच्या लोकवस्तीपैकी सुमारे चौथा हिस्सा दर उन्हाळ्यात कायमचा उठून जातो, आणि पावसाळ्याच्या सुमारास तितकीच नवी, एकमेकांस अनोळखी असलेली माणसे तेथे राहावयास येतात; आणि असे असूनही त्या गावाच्या चालीरीती मोडत नाहीत, त्याचे उत्सव चुकत नाहीत, आणि हाती घेतलेली कामे, करणारे हात पुनःपुन्हा बदलले तरी, तडीस जातात. हे कसे घडते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रारंभी थोडा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. १८५३ च्या एप्रिलात मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली, आणि रस्ते, पूल, कालवे, धरणे व सरकारी इमारती यांची कामे इलाख्यात एकाएकी इतकी वाढली, की विलायतेतून आणलेल्या मूठभर साहेबांच्या बळावर ती पार पडणे अशक्य झाले. मोजणी करणारे, नकाशे काढणारे, गवंडी-सुतारांच्या कामावर देखरेख ठेवून त्याचा हिशोब देणारे हाताखालचे अंमलदार एतद्देशीयांतूनच तयार करणे सरकारास भाग पडले. आणि त्या गरजेपोटी १८५४ च्या जुलै महिन्यात ‘पूना इंजिनीअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या नावाने हा वर्ग सुरू झाला. रुडकीचे महाविद्यालय त्याच्या सात वर्षे आधीचे. मद्रासेजवळ गिंडीच्या संस्थेचे मूळ अठराव्या शतकातील मोजणीच्या शाळेत. पुण्याचा क्रम त्यांच्या मागोमाग लागतो. विद्येचा प्रसार हा या स्थापनेचा हेतू नव्हता, सरकारी बांधकामास माणसे पुरविणे हाच होता, हे स्वच्छपणे लिहिलेले बरे; पण पेरणाऱ्याच्या हेतूपेक्षा पीक मोठे येते, असे शिक्षणाच्या बाबतीत अनेकदा घडले आहे.

१८६५ च्या ऑगस्ट महिन्याच्या ५ तारखेस मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी मुख्य इमारतीचा पाया घातला, आणि तिच्या खर्चासाठी सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी ५०,००० रुपयांची देणगी दिली. पुढल्याच वर्षी संस्था मुंबई विद्यापीठाशी संलग्न होऊन एल. सी. ई. या स्थापत्याच्या परीक्षेसाठी विद्यार्थी तयार करू लागली. त्या काळापासून दीर्घकाळ प्राचार्यपद भूषविणारे थिओडोर कुक हे मूळचे रेल्वेचे इंजिनीअर, वसईच्या खाडीवरील लोखंडी पुलाच्या कामावर असलेले; पण त्यांचे नाव आज अधिक घेतले जाते ते वनस्पतिशास्त्रज्ञांत, कारण मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा त्यांनी सिद्ध केलेला ग्रंथ अद्यापही अभ्यासकांच्या हाताशी असतो. पूल बांधणारा प्राचार्य रानावनातील पानाफुलांची नोंद ठेवतो, हे त्या काळाच्या संस्थेच्या प्रकृतीस धरूनच होते. १८८० च्या सुमारास तिचे नावच ‘कॉलेज ऑफ सायन्स’ झाले आणि स्थापत्याबरोबर शेती व जंगल या विषयांचे वर्गही तेथे चालू लागले. १९११ मध्ये ती पुन्हा केवळ अभियांत्रिकीची झाली.

याच ‘कॉलेज ऑफ सायन्स’च्या काळात म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन एक तरुण पुण्यास आला. वडील लहानपणीच वारलेले, बंगळूरास शिकवण्या करून बी. ए. झालेला, मराठी मुलखाशी पूर्वीचा काही संबंध नसलेला असा हा विद्यार्थी १८८३ साली एल. सी. ई. च्या परीक्षेत पहिला आला आणि मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात दाखल झाला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे पुढील चरित्र सर्वांस ठाऊक आहे. परंतु ते घडले पुष्कळसे महाराष्ट्रातच, याचा आपल्याला विसर पडतो. खानदेशातील नद्यानाले, नीरेचा कालवा, पुण्याचा पाणीपुरवठा ही त्यांची तालीम होती. खडकवासल्याच्या सांडव्यावर १९०३ साली त्यांनी बसविलेले स्वयंचलित दरवाजे तलावातील पाणी जुन्या पातळीच्या सुमारे ८ फूट वर अडवून धरीत, आणि पूर आला म्हणजे माणसाच्या मदतीवाचून आपोआप उघडून जादा पाणी सोडून देत. पुढे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचेही धरण टिकले नाही, तेव्हा ते दरवाजे कल्पिणारा पुरुष शंभरीच्या घरात होता आणि हयात होता. ज्या मुठेच्या काठी तो शिकला, तीच मुठा त्या दिवशी पुण्यात शिरली. अभियंत्याचे काम केव्हाही अखेरचे होत नाही, प्रत्येक पिढीला ते नव्याने तपासून घ्यावे लागते, हा धडा त्या काठावर शिकणाऱ्या मुलांस कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून जवळचा आहे.

आता गावात प्रवेश करू.

पहिल्या वर्षाचा विद्यार्थी बारावीपर्यंत केवळ कागदावर जगलेला असतो. प्रवेशपरीक्षेच्या गुणांनी त्याची पारख झालेली असते आणि त्याच्या हातांना पेनापलीकडे काही ठाऊक नसते. अशा मुलास कार्यशाळेत उभे करून लोखंडाची एक लहानशी पट्टी आणि कानस देतात, व पट्टीच्या दोन कडा एकमेकींशी बरोबर काटकोनात आणावयास सांगतात. काम सोपे वाटते. तासाभराने तळहात लाल होतात, कानस आपल्या वजनाने पुढे-मागे झुकते आणि कड सपाट होण्याऐवजी मध्येच फुगीर होत जाते. मग कार्यशाळेतला जुना कारागीर काही न बोलता पट्टी उचलतो, तिला गुण्या लावतो आणि खिडकीच्या उजेडासमोर धरतो. गुण्या आणि लोखंड यांच्या फटीतून प्रकाशाची बारीक रेघ दिसते. जोवर ती रेघ दिसते, तोवर जॉब पुरा झालेला नाही. उत्तर बरोबर की चूक हे शिक्षकाच्या मर्जीवर नव्हे, तर त्या रेघेवर ठरते, हे समजणे म्हणजे अभियंता होण्यास आरंभ करणे होय, असे माझे मत आहे. याच मुलांत पुढे जीटीची चालही आढळते, म्हणजे काचेखाली दिवा लावून एकाच्या शीटवरून दुसऱ्याने ड्रॉइंग उतरवून घ्यावयाचे. सबमिशनच्या आदल्या रात्री अभियांत्रिकीच्या बहुतेक वसतिगृहांत या काचा उजळतात, हे सर्वश्रुत आहे. मी तिचे समर्थन करणार नाही. कारण उतरविलेल्या रेघेत आणि विचार करून काढलेल्या रेघेत जे अंतर असते, ते पुढे पुलाच्या तुळईत उतरते.

वसतिगृह ही या गावाची खरी पेठ होय. बीड-लातूरचा, चंद्रपूरचा, जळगावचा आणि सिंधुदुर्गाचा असे चौघे एका मजल्यावर येतात, आणि एकाच मराठीच्या चार तऱ्हा परस्परांस ऐकू येऊ लागतात. प्रथम हसणे होते, मग नक्कल, आणि दुसऱ्या सत्रापर्यंत प्रत्येकाच्या बोलण्यात दुसऱ्याचे दोन शब्द नकळत मुक्कामास येतात. दिवाळीत ही वसतिगृहे ओस पडतात. आणि सुटी संपवून मुले परतली म्हणजे दोन-तीन दिवस खोल्याखोल्यांतून डबे उघडत राहतात. वऱ्हाडातला चिवडा, कोकणातल्या करंज्या, मराठवाड्यातले शेव-लाडू एका वर्तमानपत्रावर ओतले जातात आणि कोणाच्या घरचे काय हा प्रश्न उरत नाही. ज्याच्या घरून डबा आलेला नसतो, त्याला हे कळू न देता त्याच्यापुढे वर्तमानपत्र सरकविण्याची जी रीत तेथे आहे, ती कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेली नाही. ती वरच्या वर्गातील मुलांकडे पाहून खालच्या वर्गातील मुले शिकतात, आणि दोन वर्षांनी स्वतः वरच्या वर्गात गेली म्हणजे पाळतात.

मात्र या हस्तांतरणाचे मर्म ज्याला प्रत्यक्ष पाहावयाचे असेल, त्याने नदीकाठी जावे. मुळा-मुठेच्या संगमाच्या खाली, येरवड्याच्या बाजूस, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या देणगीतून बांधलेल्या बंधाऱ्यामुळे नदीचे पाणी मागे अडून राहिले. बंडगार्डन हे नाव त्यावरूनच पडले. या अडलेल्या पाण्यामुळे पुण्यात नौकानयन शक्य झाले, आणि महाविद्यालयाचा बोट क्लब मुठेच्या काठी रुजला. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी होणारी रेगाटा ही या गावाची जत्रा होय. पण जत्रेच्या आधीचे कित्येक महिने पहाटेच्या अंधारात जे चालते, ते मला जत्रेहून अधिक मोलाचे वाटते. हिवाळ्यातल्या एका सकाळी मी त्या काठावर उभा होतो. पाण्यावर धुके होते. चार मुलांनी एक लांब, अरुंद शेल खांद्यावरून उतरवून पाण्यावर ठेवली, इतक्या हलक्या हाताने की पाणी वाजले नाही. ते एकामागे एक बसले आणि पाचवा, अंगाने लहानसा मुलगा, त्यांच्याकडे तोंड करून मागच्या टोकाशी बसला. वल्ही मारणाऱ्याची पाठ जाण्याच्या दिशेकडे असते. आपण कोठे चाललो आहोत, हे त्याला दिसत नाही. दिसते ते फक्त मागे पडत जाणारे पाणी आणि त्या लहानशा मुलाचा, म्हणजे कॉक्सचा, चेहरा. दिशा एकट्या कॉक्सला दिसते, पण त्याच्या हाती वल्हे नसते. त्याने हाक द्यावी आणि चौघांनी एकाच क्षणी पाणी उचलावे. एकाचे वल्हे जरासे उशिरा पडले, तर नाव लगेच एका बाजूस कलते आणि ती चूक कोणाची हे नावेतल्या सर्वांस कळते. त्या सकाळी नाव तीनदा कलली. चौथ्या खेपेस ती सरळ गेली, आणि काठावर उभा असलेला वरच्या वर्गातील मुलगा, जो सारा वेळ तोंडातून शब्द न काढता पाहत होता, तो चहा प्यावयास निघून गेला. शिकविणे संपले, हे त्यावरून समजावयाचे.

रेगाटाच्या संध्याकाळी दोन्ही काठांवर पुणेकर जमतात. शर्यती होतात, कयाकींचा ताफा संगीताच्या तालावर पाण्यात वळणे घेतो, पंटांवर उभे राहून मुले कवायतीच्या रचना करतात, आणि अंधार पडल्यावर मशाली पेटतात व त्यांचे प्रतिबिंब पाण्यात हलू लागते. हे सर्व बसविणारी मुलेच. नावांची दुरुस्ती, काठावरील व्यवस्था, पाहुण्यांची उठबस हेही मुलांकडेच. आणि त्यांतल्या बहुसंख्य मुलांनी पुण्यास येण्यापूर्वी नाव चालविलेली तर राहोच, कित्येकांनी पोहण्याइतके पाणीही पाहिलेले नसते.

या प्रसंगी नदीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. शहराच्या सांडपाण्याने मुठेची जी दशा झाली आहे, ती त्या वल्ही मारणाऱ्या मुलांइतकी जवळून क्वचितच कोणी पाहत असेल. उन्हाळा जवळ आला, की जलपर्णीचा हिरवा थर पाण्यावर पसरतो, आणि नाव घालण्यापूर्वी तो बाजूस सारावा लागतो. ज्या वर्गात जलशुद्धीकरणाची समीकरणे शिकविली जातात, त्या वर्गापासून हे पाणी चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहे. समीकरण आणि पाणी यांतील हे अंतर तोडणे हे तेथून बाहेर पडणाऱ्या अभियंत्यांच्या, आणि त्यांस नोकरीस ठेवणाऱ्या समाजाच्या, शिरावरील देणे आहे, असे मी मानतो.

नदीवरून आता आकाशाकडे. २००८ च्या सुमारास येथील विद्यार्थ्यांनी उपग्रह तयार करावयाचे ठरविले. शिक्षकांनी रचलेला उपग्रह जुळविणे नव्हे, तर आराखड्यापासून चाचणीपर्यंत सर्व काम स्वतः अंगावर घेणे, असा तो संकल्प होता. त्याचे नाव ‘स्वयम्’. दहा सेंटिमीटर बाजूचा घन, वजन एक किलोच्या आत-बाहेर. उद्देश असा, की पृथ्वीवरील एका हौशी रेडिओ केंद्राने पाठविलेला संदेश त्याने साठवावा आणि दुसऱ्या मुलखावरून जाताना तेथील केंद्रास द्यावा. म्हणजे एक प्रकारे अवकाशातील जासूदच. त्यातली मला सर्वांत मनोहर वाटणारी गोष्ट मात्र निराळी आहे. उपग्रह अवकाशात सोडला की तो गरगरत राहतो, आणि त्याची अँटेना योग्य दिशेस न राहिली तर संदेश पोहोचत नाही. मोठ्या उपग्रहांत यासाठी फिरती चक्रे आणि विजेवर चालणारी साधने असतात. एवढ्याशा घनात त्यांना जागाही नाही आणि पुरेशी वीजही नाही. तेव्हा त्यात कायमचा एक चुंबक बसविण्यात आला. होकायंत्राची सुई जशी उत्तर दाखविते, तसा तो चुंबक पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राशी आपणास जुळवून घेई. आणि सुई जशी स्थिरावण्यापूर्वी बराच वेळ हलत राहते, तसे होऊ नये म्हणून विशिष्ट मिश्रधातूच्या कांड्या बसविल्या, ज्या त्या हेलकाव्यांची शक्ती शोषून त्यास शांत करीत. वीज नको, यंत्र नको; निसर्गाचा जो नियम आहे, त्याच्या आधारानेच वागावयाचे. या श्रमांचे चीज झाले ते २२ जून २०१६ रोजी. त्या दिवशी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ या प्रक्षेपकाने एकाच उड्डाणात २० उपग्रह वर नेले, आणि त्यांत कार्टोसॅट-२ मालिकेतील ७०० किलोंहून भारी उपग्रहाच्या सोबतीस पुण्याचा हा किलोभराचा ‘स्वयम्’ होता.

वाचकांनी आता हिशोब करावा. अभ्यासक्रम चार वर्षांचा. काम आठ वर्षांचे. ज्यांनी पहिली रेघ काढली, ते उड्डाणाच्या दिवशी केव्हाच पदवी घेऊन जगभर पांगलेले होते. आणि उड्डाणाच्या दिवशी जे हजर होते, ते पहिली रेघ निघाली तेव्हा शाळेत शिकत होते. दोन्ही टोके विद्यार्थी म्हणून पाहिलेला एकही जण त्यांत असणे शक्य नव्हते. अशा कामात बुद्धीपेक्षाही अवघड असते ते लिहून ठेवणे. अमुक जोडणी का सोडून दिली, अमुक चाचणीत काय बिघडले, हे निघून जाणाऱ्याने आपल्या जागी येणाऱ्यासाठी नोंदवून ठेवले नाही, तर नवा गडी तीच चूक पहिल्यापासून करतो. पदवीची परीक्षा डोक्यावर असताना, ज्या यशाच्या वेळी आपण तेथे नसू त्या यशासाठी, रात्री जागून टिपणे लिहिणाऱ्या त्या अनाम मुलांविषयी मला जितका आदर वाटतो, तितका कोणत्याही सुवर्णपदकाविषयी वाटत नाही.

या गावातून बाहेर पडून मोठी झालेली माणसे थोडी नाहीत. पुण्यात वाढलेले थॉमस कैलाथ १९५६ साली येथून दूरसंचारातील पदवी घेऊन अमेरिकेस गेले आणि स्टॅनफर्डला प्राध्यापक झाले. बारामतीस जन्मलेले कुमार पटेल १९५८ साली पदवी घेऊन गेले आणि त्यांनी कार्बन डायऑक्साइडचा लेसर शोधून काढला, जो आज कारखान्यांत पोलाद कापतो. १९६७ साली लीला पूनावाला यांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्या काळी कार्यशाळेत मुलगी दिसणे हीच नवलाची गोष्ट होती. पुढे त्या एका मोठ्या यंत्रनिर्मिती कंपनीच्या प्रमुखपदी पोहोचल्या आणि गरीब पण हुशार मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी शिष्यवृत्त्यांची संस्था उभारली. कानस धरणाऱ्या हातांनी पुढे दुसऱ्यांच्या हाती कानस दिली, असेच मी म्हणेन.

बाकीची वार्ता थोडक्यात. ‘माइंडस्पार्क’, ‘झेस्ट’ आणि ‘इम्प्रेशन्स’ हे तंत्र, क्रीडा व कला यांचे उत्सव मुले चालवितात. पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत एकांकिकेच्या तालमी रात्री उशिरापर्यंत रंगतात, आणि दिवसा बलांचे आलेख काढणारी मुले रात्री नेपथ्याच्या चौकटी ठोकतात. २०२० च्या ऑगस्टात, महामारी शिगेस पोहोचली असता, महाविद्यालयाच्या मैदानावर सुमारे ८०० खाटांचे तात्पुरते कोविड रुग्णालय उभे राहिले, आणि ज्या मैदानाने पिढ्यान्‌पिढ्या क्रिकेटच पाहिले होते, त्याने रुग्णवाहिका पाहिल्या. २००३ साली स्वायत्तता मिळाली होतीच. २०२२ साली राज्य विधिमंडळाच्या कायद्याने ही संस्था स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ झाली. मुंबई विद्यापीठ, मग पुणे विद्यापीठ, आणि आता स्वतःची सनद : पदव्या ती स्वतःच्या शिक्क्याने देऊ लागली आहे. विद्यापीठ झाल्यावर विभाग वाढतील, परिषदा होतील, क्रमवारीचे आकडे मोजले जातील, ते व्हावेच. पण क्रमवारीच्या तक्त्यात पहाटेच्या नावेला आणि वर्तमानपत्रावरच्या फराळाला रकाना नसतो, म्हणून ज्यांच्या हाती कारभार आहे त्यांनी या दोहोंसाठी वेळापत्रकात जागा राखून ठेवली पाहिजे.

एक विनंती करून थांबतो. हा अंक हाती येईल तेव्हा घरोघर दिवाळीची आवराआवर नुकतीच झालेली असेल, किंवा चालू असेल. आपल्यापैकी कोणाचे वडील, आजोबा, काका या महाविद्यालयातून शिकून गेले असतील, आणि माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांची कार्यशाळेची जर्नले, हाताने काढलेले नकाशे, रेगाटाची छायाचित्रे, वसतिगृहातून घरी लिहिलेली पत्रे पिवळी पडून पडली असतील. ती रद्दीत घालू नका. छायाचित्रांच्या मागच्या कोऱ्या बाजूस वर्ष आणि दिसणाऱ्या माणसांची नावे पेन्सिलीने लिहा, आणि संस्थेच्या ग्रंथालयास किंवा माजी विद्यार्थ्यांच्या मंडळास नेऊन द्या. ज्या माणसांची नावे सांगू शकणारा आज घरात एकच वृद्ध उरला आहे, ती याच दिवाळीत त्यास विचारून घ्या.